खांद्याएवढा कांचन

२२ ऑगस्ट
अंबड, नाशिक

सौ. सुवर्णा शेवाळे यांस,

मी प्रतिभा निरभवणे. साक्षीची वर्गशिक्षिका, सहावी ब. आपण एकदा भेटलो आहोत. जूनमध्ये पुस्तकं वाटली त्या दिवशी तुम्ही वर्गाच्या खिडकीशी उभ्या होता. शाळेत लिहून दिलेला तुमचा नंबर आता लागत नाही. पत्ता साक्षीच्या वडिलांनी दिला. माहेरचं गाव, भावाचं नाव, तालुका देवळा. एवढ्यावर पोचतं, असं ते म्हणाले.

काळजीचं कारण नाही. साक्षी मजेत आहे. अभ्यास नियमित आहे.

जुलैपासून शाळेत हिरवा तास सुरू झाला आहे. त्याची माहिती प्रत्येक पालकाला द्यायची आहे, म्हणून हे पत्र. हल्ली मुलं दडपणाखाली असतात. चाचणीच्या दिवशी निम्म्या वर्गाचं पोट दुखतं. मुलांचा काही वेळ मातीत, पानांत, उन्हात गेला तर त्यांची मनं सैल होतात, असं आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं. मला ते पटलं. शाळेच्या मागच्या भिंतीलगत मोडक्या बाकांचा ढीग होता. मुलांनी तो हलवला, खडी वेचली. भिंतीपलीकडे कंपनी आहे. प्रेस मशीनचा ठोका जमिनीतून पायाला लागतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही. बहुतेकांचे वडील त्याच आवाजात काम करतात.

वनीकरणाच्या रोपवाटिकेतून कांचनाची रोपं मिळाली. प्रत्येक मुलाला एक. प्रत्येक रोपाशेजारी त्या मुलाच्या नावाची पत्र्याची पाटी आहे. पाट्यांची कल्पना माझी. आपलं नाव दिसलं की मूल त्या रोपाला जपेल, असा विचार होता.

साक्षीनं शेवटचा कोपरा मागून घेतला. तिथे टाकीचं पाणी ठिबकतं. शुक्रवारचे शेवटचे दोन तास ती रोपापाशी उकिडवी बसलेली असते.

सवडीनं साक्षीला दोन ओळी लिहाव्यात. तिला लिहायला जमत नसेल तर मला लिहिल्या तरी चालतील.

आपली,
प्रतिभा निरभवणे


१९ सप्टेंबर

सौ. सुवर्णाताई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

दोन गोष्टी दुरुस्त करते. हिरव्या तासाची माहिती बाकीच्या पालकांना मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दिली होती. पत्र फक्त तुम्हाला लिहिलं. आणि साक्षी मजेत नाही.

ती भुवई उपटते. चिमटीत धरून एकेक केस. गणित सोडवताना, प्रार्थना चालू असताना. डावी भुवई टोकाकडून निम्मी गेली आहे. मुली तिला खोडरबर म्हणतात. मी त्यांना रागावले, तेव्हापासून त्या माझ्यामागे म्हणतात. डबा उघडते, बघते, झाकते. पोळी तुमच्या हातची नाही म्हणून असेल, असं वाटलं होतं. पण शेजारच्या काकू पोळ्या बऱ्या करतात. मी खाऊन पाहिली.

हिरव्या तासात मात्र तिचा हात भुवईकडे जात नाही. हात मातीत असतात. चिखल वाळला की ती बोटांवरून त्याचे पापुद्रे सोलत बसते. मागच्या शुक्रवारी तळहातावर गांडूळ घेऊन आली.

"बाई, याचं तोंड कुठल्या बाजूला असतं?"

आम्ही दोघी बराच वेळ ते कुठल्या बाजूला निघतं ते बघत बसलो. त्या दिवशी तिनं अर्धी पोळी खाल्ली. मी घरी जाताना एकटीच हसत होते, असं रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

याच आठवड्यात संस्थेचे लोक येऊन गेले. भामरे सर आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण वरून कोणी काही विचारलं की त्यांचा घसा कोरडा पडतो. मला बोलावून म्हणाले, "बाई, उपक्रम उत्तम आहे. पण प्रगती दाखवावी लागेल."

"मुलं शांत झाली आहेत, सर."

"शांत म्हणजे किती? मुलांच्या डोक्यातलं आपण कसं मोजणार? झाडं मोजा. दर शनिवारी."

तेव्हा काल पहिल्यांदा मोजली, शनिवारची वाट न बघता. मी पट्टी धरली, मॉनिटरनं उंच्या फळ्यावर लिहिल्या, वरपासून खालपर्यंत, क्रमानं. फळ्याचा फोटो ग्रुपवर गेला. तासाभरात एका आईचा फोन, आमच्या मुलाच्या रोपाला सावलीची जागा कोणी दिली. आमच्या शिपाई नवसाबाई झाडू टेकवून बघत होत्या. म्हणाल्या, "आता झाडांनापण क्लास लावा." मुलं हसली. मीही हसले.

साक्षीचं रोप खालून तिसरं आलं. ती हसली नाही. संध्याकाळी बघितलं तर पाटीवरचं तिचं नाव मातीनं लिंपलेलं होतं.

तुमची तब्येत बरी असेल अशी आशा. बरी नसेल तरी कळवा.

आपली,
प्रतिभा निरभवणे


३१ ऑक्टोबर

सुवर्णाताई,

'सौ.' लिहिणं सोडलं. चालेल की नाही, माहीत नाही. दर वेळी पेन तिथेच अडत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद होती, तरी साक्षी रोज यायची. नवसाबाई शाळेच्या मागेच राहतात, त्या तिला फाटक उघडून द्यायच्या. लक्ष्मीपूजनालाही आली. नवसाबाईंनी करंजी दिली ती तिनं फ्रॉकच्या खिशात ठेवली, पाणी घातलं आणि गेली. हे मला सुट्टीनंतर कळलं.

एक विचारायचं आहे. ती रोपाला पाठ लावून उभी राहते. तळहात शेंड्यावर ठेवते आणि तसाच सरळ आपल्या अंगाला टेकवते. तो कमरेच्याही खाली लागतो. मग वळते आणि शेंडा दोन बोटांत धरून हलकेच वर ओढते, लहान बाळाचा गाल ओढावा तसा.

"अगं, ओढून वाढतं का कधी?"

"माहितेय बाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला हा शनिवारच्या मोजणीचा परिणाम वाटतो. तुम्हाला दुसरं काही वाटतं का?

मोजणी बंद करू, असं मी भामरे सरांना म्हटलं. ते म्हणाले, आता कुठे पालक रस घ्यायला लागलेत. तेही खरं आहे. रोज सकाळी कोणी ना कोणी फाटकाशी पिशवी घेऊन उभं असतं. शेणखत, राख, अंड्याची टरफलं, युरिया. आता पोट दुखतं ते शनिवारी दुखतं.

साक्षीच्या वडिलांना बोलावलं होतं. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आले. मुलांच्या बाकावर बसले, गुडघे वर आले. मी भुवईचं सांगितलं.

"दुखतं का तिला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत?"

त्यांनी हातातली टोपी उलटी करून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बाई, मी हिच्या आईला कधी हात लावला नाही. दारू नाही, पत्ते नाही. बोललो पण नाही कधी. आलो, जेवलो, झोपलो. मला वाटायचं, चाललंय की."

हे तुम्हाला कळवावं की नाही, ठरत नव्हतं. कळवा, असं ते म्हणाले नाहीत. कळवू नका, असंही म्हणाले नाहीत.

प्रतिभा निरभवणे


२४ नोव्हेंबर

सुवर्णाताई,

माझ्या वर्गात ललित नावाचा मुलगा आहे. त्याचे वडील सावळीराम बोरस्ते. त्यांची निफाडला द्राक्षबाग आहे, मुलाच्या शाळेसाठी बिऱ्हाड इथे. तीन आठवड्यांपूर्वी ते शनिवारी पाठीवर पंप अडकवून शाळेत आले. सध्या बागांत जीए मारायचे दिवस आहेत. घड लांबावा, मणी फुगावा म्हणून द्राक्षवाले ते संजीवक वापरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी त्यांना फाटकातच अडवलं.

"बाई, मण्याला चालतं ते झाडाला का नाय चालायचं? लय जोर असतो यात."

"बोरस्तेभाऊ, हा तास मुलांच्या मनासाठी आहे. उंचीसाठी नाही."

"मग फळ्यावर मन लिहा ना. उंची कशाला लिहिता?"

ते मोठ्यानं हसले. टोमणा मारायचा म्हणून बोलले नव्हते. हसतच ते आत गेले. ललितच्या रोपावर फवारणी चालू असताना साक्षी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "काका, माझ्यापण." त्यांनी तिच्याही रोपावर मारलं आणि उरलेलं पाणी तिच्या बाटलीत ओतून दिलं. पोरीची जात, गप्प उभी होती, दया आली, असं ते नंतर मला म्हणाले. बाटलीचं मला तेव्हा कळलं नाही. ती ते रोज थोडं थोडं शेंड्याला चोळत होती.

रोप सुटलं. दोन पानांमधली काडी बोटभर होती ती वीतभर झाली. दोन शनिवारांनंतर साक्षीचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर होतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. भामरे सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. तिनं तळहात शेंड्यावरून अंगाला लावला तर तो छातीशी आला होता. तिनं तो हात तिथेच धरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात रोप वाकलं. उदबत्तीएवढ्या खोडाला स्वतःचा भार पेलेना. काठीला बांधलं. मग पानं पिवळी पडू लागली, खालून वर. ललितचंही तसंच झालं. त्याच्या वडिलांनी दुसरं रोप आणून त्याच खड्ड्यात लावलं आणि ललित क्रिकेट खेळायला निघून गेला.

साक्षी आता उजवी भुवईही उपटते. पापण्यांनाही हात लावते. सकाळी शाळेत यायच्या आधी तिला उलटी होते, असं तिचे वडील सांगतात. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं आहे. मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशक बाईंची वेळ जानेवारीतली मिळाली.

आज मला विचारत होती, "बाई, ते मरणार नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला माहीत नाही. बोरस्तेभाऊंनी झाड बघितलं आणि नुसती मान हलवली. मला ही पोर झाडाबरोबर वाळताना दिसते. तुम्ही काहीतरी लिहा.

प्रतिभा


१ डिसेंबर

सुवर्णाताई,

तुम्ही कोणाला सांगणार नाही, हे एव्हाना मला कळलं आहे. म्हणून तुम्हालाच सांगते.

साक्षीचं झाड मी बदललं.

शनिवारी मोजणीच्या वेळी मी तिला मुद्दाम कार्यालयात कामाला पाठवलं. झाडाला एकच पान उरलं होतं. रविवारी सकाळी नवसाबाईंना घेऊन पाथर्डी फाट्याकडच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. कांचन कुठे नव्हताच. शेवटच्या ठिकाणी होता, पण चांगला वाढलेला. काठीसकट रिक्षात आडवा घालून आणला. तो लावताना नवसाबाई म्हणाल्या, "बाई, हे फारच वर गेलं. पोरगी आंधळी नाय."

"त्या औषधानं वाढलं म्हणू."

"म्हणा. तुमची शाळा."

जुनं झाड मी स्वतः उपटलं. मुळं काळी पडली होती. पाटी पुन्हा होती तिथे रोवली, भोवती पाचोळा पसरला, टाकीचं पाणी सोडलं. हे सगळं मी अगदी शांतपणे केलं. चुकीचं काही करते आहे, असं क्षणभरही वाटलं नाही.

आज सोमवारी ती प्रार्थनेच्या आधी मागे गेली. मी कार्यालयाच्या खिडकीतून बघत होते. ती झाडासमोर उभी राहिली. जवळ गेली नाही. मग वाकून खालची पानं बघितली, माती बघितली. मग पाठ लावली, शेंड्यावर हात ठेवला आणि तो अंगाशी आणला. तो थेट खांद्यावर आला.

वर्गात येऊन मला म्हणाली, "बाई, लागलं."

सबंध डबा खाल्ला. ललितच्या डब्यातला चिवडा मागून घेतला. शेवटच्या तासाला ती बोट वर करून उत्तर द्यायला उभी राहिली. उत्तर चुकलं, आणि ती हसली. ताई, तुम्ही ते बघायला हवं होतं.

आज मला झोप लागेल.

प्रतिभा


४ डिसेंबर

सुवर्णाताई,

तुम्ही तिला काय सांगून गेल्या होता?

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती फाटकाशी बसून राहिली. नवसाबाईंना वाटलं, वडील घ्यायला येणार असतील. काल पुन्हा बसली. अंधार पडायला आला तशी त्यांनी मला फोन केला. मी रिक्षानं आले. ती दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. केसांना नव्या रिबिनी होत्या.

"कोणाची वाट बघतेस?"

"आईची."

"आई येणार आहे? कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली होती. झाड तुझ्या खांद्याला लागलं की येते." आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "देवळ्याहून यायला वेळ लागतो, बाई."

मी तिला घरी सोडलं. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते दाराला धरून उभे राहिले.

तिचा हात शेंड्यावरून कुठे जायचा, ते मी महिनाभर बघत होते. तुम्हाला ते लिहूनही कळवलं. आणि शेवटी मी स्वतः नर्सरीत जाऊन खांद्याएवढं झाड निवडून आणलं.

आज ती तिसऱ्या दिवशी बसली आहे. हे पत्र मी तिच्या शेजारी बसून लिहिते आहे; तिला वाटतं, मी वह्या तपासते. तुम्ही या. राहायला नका येऊ, नवऱ्याला भेटू नका, घरी जाऊ नका. शाळेत या, तासभर. भाडं मी देईन. माझा नंबर खाली लिहिला आहे.

प्रतिभा


११ डिसेंबर

सुवर्णाताई,

मंगळवारी तुमच्या भावाचा फोन आला. भारतभाऊंनी पहिलं अहिराणीत विचारलं, "पोर बरी शे ना?" मी नाही म्हटलं.

त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला परत लिहिण्यात अर्थ नाही. पण मला काय ठाऊक आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं. "ताई येत नाय मॅडम," ते म्हणाले. "आम्ही सांगून थकलो. खळ्यावर कांदा निवडायला जाती, आली की भिंतीकडं तोंड करून पडती. डोक्याच्या डॉक्टरची गोळी चालू हे. फोन घेत नाय कुणाचा. तुमची पत्रं तेवढी वाचती, आम्हाला दाखवत नाय. तुमचा नंबर तेवढा फाडून दिला. मी न्यायला आलो, निघाली तेव्हा पोर हात सोडेना. शाळेत झाड लावलंय, झाड लावलंय, चालू होतं तिचं. तर ही बोलून गेली काहीतरी. झाड वाढायला वरीस जाईल, तवर आपण बऱ्या होऊ, असं वाटलं असेल तिला."

म्हणजे तुम्ही वेळ मागून घेतला होता. तो तुमच्याकडून आधी जीएनं काढून घेतला, मग मी.

शुक्रवारपर्यंत थांबणं मला जमलं नाही. बुधवारीच मधल्या सुट्टीत साक्षीला मागे घेऊन गेले.

"साक्षी, हे तुझं झाड नाही. तुझं वाळलं. हे मी आणून लावलं."

"माहितेय."

"कधीपासून?"

"सोमवारीच कळलं. माझ्या झाडाच्या बुंध्याला मी दोरा बांधला होता. आणि याची माती लाल आहे."

"मग 'लागलं' का म्हणालीस?"

वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाकडे मी कधीकधी बघते, तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही आईला पत्र लिहिता ना. पप्पांनी सांगितलं. मला वाटलं, तिनंच तुम्हाला सांगितलं असेल, खांद्याएवढं लावा म्हणून. तिला लवकर यायचंय म्हणून."

मी पाटी सरळ करायला वाकले.

"नव्हतं सांगितलं?" तिनं विचारलं.

"नाही गं."

तिनं खोडाला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. मुळं अजून धरली नव्हती. झाड मातीसकट वर आलं. ते तिनं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मग खाली बसली आणि ओरडून रडली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. पलीकडे प्रेस चालू होता, तरी वरच्या मजल्यावरचे वर्ग खिडक्यांत आले. भामरे सर आले. नवसाबाई आल्या. एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, साक्षीनं ती फेकून दिली. मी तिला गप्प केलं नाही. तिच्या बाजूला मातीत बसून राहिले. घंटा झाली तरी ती रडत होती. मग उचक्या राहिल्या. मग ती बसल्या जागी माझ्या मांडीवर झोपली.

त्या दुपारी मी सगळ्या पाट्या उपटल्या. भामरे सरांनी विचारलं, "कोणाला विचारून?" कोणालाच नाही, मी म्हटलं. त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे. अजून लिहिलेला नाही. लिहायचं म्हटलं की तुम्हालाच पत्र सुरू होतं.

प्रतिभा


१८ डिसेंबर

सुवर्णाताई,

साक्षी फाटकाशी बसत नाही. मला आधी वाटलं, ती तुमचं नाव टाकणार. तसं नाही. सोमवारी वह्या गोळा करताना हळूच म्हणाली, "आई येत नाही तर मी गेले तर?"

मी तिच्या वडिलांकडे गेले. त्यांनी चहा केला, साखर विसरले. म्हणाले, "न्या बाई. मी येत नाही. मी आलो तर ती बाहेर यायची नाही." मग म्हणाले, "काय न्यायचं असतं?" मी म्हटलं, काही नाही. तरी त्यांनी काल एक पिशवी आणून दिली. आत तुमचा स्वेटर आहे. देवळ्याकडे थंडी जास्त असते, एवढंच बोलले.

भामरे सरांना कळवलं. शिक्षकानं मुलांच्या घरच्या भानगडीत पडू नये, असं त्यांचं मत आहे. वाईट नाही ते मत. पाट्या लावताना मला खात्री होती, झाड बदलतानाही होती. या वेळी नाही. मी एका आजारी बाईच्या दारात तिची लेक घेऊन येते आहे, आणि त्यानं दोघींपैकी कोणाचं काय होईल, मला सांगता येत नाही. भारतभाऊंना विचारलं. तेही म्हणाले, सांगता येत नाय. पण आणा म्हणाले.

तुम्ही बऱ्या नाही, हे मी साक्षीला सांगितलं आहे. लपवणं आता नको होतं. आईचं डोकं दुखतं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, दुखणं असं नाही, पण तिला उठवत नाही, बोलवत नाही, औषध चालू आहे. तिनं बोट भुवईवर ठेवलं.

"तीपण उपटते का?"

मला माहीत नाही, मी म्हटलं. तिला बरं वाटलेलं दिसलं. का, ते मला कळलं नाही.

गेल्या शुक्रवारी हिरव्या तासाला मुलांना आपलं झाड कोणतं, हे नीट सांगता येईना. दोघांची मारामारी झाली. काही जण उन्हात आडवे झाले. ललित मुंग्यांच्या रांगेमागे कंपनीच्या भिंतीपर्यंत गेला. साक्षी कोणत्याच झाडाजवळ गेली नाही. रिकाम्या खड्ड्याच्या कडेला बसून तिनं पाय आत सोडले आणि गुडघ्यापर्यंत माती ओढून घेतली. तास संपेपर्यंत तशीच बसली. मी काही सांगितलं नाही, काही मोजलं नाही.

रविवारी सकाळी सटाण्याच्या बसनं निघतो. देवळ्याला उतरू, भारतभाऊ स्टँडवर येणार आहेत. दुपारच्या बसनं परत. तुम्ही स्टँडवर येऊ नका. घरातून उठूही नका.

मी तिला सांगितलं आहे, आई कदाचित बोलणार नाही. कदाचित तुझ्याकडे तोंडही करणार नाही. ती म्हणाली, चालेल. मग म्हणाली, "तुम्ही रडायचं नाही, बाई." मी कबूल केलं आहे.

तिनं तुम्हाला एक निरोप द्यायला सांगितलं आहे. ती तुम्हाला कधी येशील, असं विचारणार नाही. चल, असं म्हणणार नाही. तिला फक्त बघायचं आहे, तुम्ही झोपता कुठे.

तेवढं दाखवा.

प्रतिभा